नावातला खड्डा

खंडागळे मॅडमच्या डब्यात कोशिंबीर कधीच नसायची. काकडी असायची, अख्खी. कांदा असायचा. शेंगदाण्याचं कूट कागदाच्या पुडीत, मीठ दुसऱ्या पुडीत, दही स्टीलच्या चिमुकल्या डबीत. सकाळी बदनापूरहून पॅसेंजर पकडायची, तर हे सगळं सुटं सुटं पिशवीत भरून आणायचं, आणि दुपारी जालन्यात ऑफिसच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून काकडी कोचवायची, दही ओतायचं, मीठ टाकायचं, बोटांनी कालवायचं आणि लगेच खायचं. आम्ही बाकीच्या बायका घरूनच कालवून आणायचो. जेवायच्या वेळेपर्यंत आमच्या डब्यात तळं साचलेलं असायचं. मॅडम त्या तळ्याकडे एक नजर टाकायच्या आणि म्हणायच्या, "कालवलेलं साठवायचं न्हाई."

मला वाटायचं, बाईला खोड आहे. माझा स्वभाव तसा फटकळ, एकदोनदा तोंडावर बोललेही की मॅडम, एवढा पसारा मांडण्यापेक्षा काकडी नुसती खा. त्यावर त्यांनी मीठ तेवढं जरा जास्त जोरात टाकलं.

ही आमची संस्था म्हणजे जालन्यातलं एक रुग्णालय आणि त्याला जोडून मुलींना रुग्णसेवा शिकवणारा कोर्स. राहणं-खाणं संस्थेकडे, आणि कोर्स पुरा झाला की इथंच नोकरी. त्यामुळे खेड्यापाड्यातून मुली अर्ज करतात, आणि त्यात लग्न मोडलेल्या, घरी परत आलेल्याही पुष्कळ असतात. त्या सगळ्यांची माहिती ठेवणारी कॉम्प्युटरची खोली ती आमची. खोलीला व्हरांड्यात उघडणारी एक खिडकी, आणि खिडकीशेजारी नोटीस बोर्ड. खोलीत दोन खुर्च्या, एक मॅडमची, एक माझी.

मी नवीन होते तेव्हा मोठ्या हौसेनं कॉम्प्युटरवर मुलींचं टेबल, म्हणजे माहितीचा तक्ता, तयार केलं होतं. नाव, गाव, शिक्षण, वय, सगळं. मॅडमनी चष्मा नाकावर ओढून पडद्याकडे पाहिलं आणि विचारलं, हे वय कुणी टाकलं. मी म्हटलं, मी. कवा टाकलं? काल. मग त्या इतक्या सहज म्हणाल्या की मला आधी समजलंच नाही. म्हणाल्या, आज यातल्या कुणाचा तरी वाढदिवस असेल, तिचं चुकलं की. उद्या दुसरीचं चुकेल. वर्षभरात सगळ्यांचं चुकेल, आणि तुम्ही काय रोज उठून एकेकीचं वय वाढवत बसणार?

"जन्मतारीख ठेवायची, पोरी. ती बदलत न्हाई. वय पाहिजे तवा काढायचं न् काम झालं की सोडून द्यायचं."

तेव्हा मला कोशिंबीर उमगली. टेबलात ठेवायचा तो कच्चा माल. काकडी, कांदा, दही. त्यातून जे काही काढायचं, वय असो, टक्के असोत, पूर्ण नाव असो, ते विचारायच्या क्षणी क्वेरीत, म्हणजे कॉम्प्युटरला घातलेल्या प्रश्नात, कालवायचं. असा कालवलेला रकाना टेबलात कुठंच नसतो. विचारलं की तयार होतो, बघून झालं की नाहीसा होतो. एवढी साधी गोष्ट मला कोर्सला फी भरून कळली नव्हती, ती काकडीनं शिकवली.

अशा रकान्याला आपोआप नाव मिळत नाही, ते आपण द्यावं लागतं. नाही दिलं तर वर डोक्यावर काहीतरी गिचमिड येते. मॅडमना याचा भारी राग. "पोरगं जन्माला घातलं न् बारसं केलं न्हाई?" म्हणायच्या. एकदा असा बिनानावाचा रकाना असलेला माझा रिपोर्ट थेट साहेबांच्या टेबलावर गेला आणि साहेबांनी वरच्या गिचमिडीवर बोट ठेवून विचारलं, ही कोणती भाषा. दुसऱ्या दिवसापासून खोलीत कायदा लागू झाला: जिनं रकाना बिनानावाचा सोडला, तिनं बारशाच्या घुगऱ्या करून आणायच्या. आमच्याकडे बारशाला घुगऱ्या वाटतात तशाच, हरभरा शिजवून, वर खोबरं घालून. त्या वर्षी मी इतक्या घुगऱ्या शिजवल्या की घरी सासूबाईंनी एकदा विचारलंच, ऑफिसात एवढी बाळंतपणं कुणाची चाललीत.

कौतुक करायचा त्यांचा स्वभाव नव्हता. फार झालं तर "बराबर" म्हणायच्या. तेवढ्यावर आपण दोन दिवस तरंगायचं. बोलायच्या आपल्या मराठवाडी ढंगात, पण शुद्ध बोलायला लागल्या की समजायचं, बाई चिडल्यात. आणि त्यांना सगळ्यात जास्त चीड यायची ती नावाच्या मागे राहिलेल्या मोकळ्या जागांची. टाइप करताना नाव संपल्यावर कुणीतरी दोनचार वेळा जागा सोडायचं बटण दाबून जातं. डोळ्यांना ते दिसत नाही, पण नाव-आडनाव जोडायला गेलं की मधे हे भलंमोठं भगदाड. मॅडम आधी त्या जागा झाडून काढायच्या, मग नावं जोडायच्या. एवढी झाडलोट त्यांच्या घरात तरी होत असेल का, मला शंका आहे.

तर अशा बाईच्या हातून ते घडलं.

प्रवेश परीक्षेची निवड यादी लागायचा दिवस होता. ती यादी काढणारी क्वेरी मॅडमची स्वतःची. नाव, मधे एक मोकळी जागा, मग मधलं नाव, पुन्हा मोकळी जागा, मग आडनाव, असं जोडून 'पूर्ण नाव' हा रकाना. वर्षानुवर्षं चालत आलेली. यादी सकाळी बोर्डावर लागली. दुपारपर्यंत व्हरांड्यात मुलींची ये-जा, कुणी फोनवर ओरडून आईला सांगतेय, कुणी नुसतीच भिंतीला टेकून उभी.

गर्दी ओसरल्यावर खिडकीत एक मुलगी आली. मॅडम तेव्हा रुग्णालयाच्या इमारतीत कामाला गेल्या होत्या, खोलीत मी एकटी. मुलगी हडकुळी, घट्ट वेणी, मनगटावर भाजल्याचा जुना डाग. मागे व्हरांड्याच्या पायरीपाशी भाऊ मोटरसायकलवर बसलेला, तोंड दुसरीकडे. ती म्हणाली, पेपर चांगला गेल्ता, पण बोर्डावर नाव न्हाई. मी सगळ्यांना सांगते तेच तिला सांगितलं, की यादी बघूनच लावलेली असते, पुढच्या वर्षी परत अर्ज कर. ती म्हणाली, पुढल्या वर्षी वयात बसत न्हाई.

तरीही ती गेली नाही. खिडकीचा गज धरून हळू आवाजात सांगत राहिली. गाव केदारखेडा. नवरा हसनाबादचा, हात उचलायचा, म्हणून ती माहेरी निघून आलेली. भावाशी बोली झाली होती. यादीत नाव आलं तर तो स्वतः होस्टेलवर आणून सोडणार. नाही आलं तर तिनं गपगुमान सासरी जायचं. भाऊ शब्दाचा पक्का, दोन्ही बाजूंनी. आज घरी जाऊन बॅग भरायची आणि दिवस मावळायच्या आत हसनाबाद.

मी नाव विचारलं. वैशाली जाधव म्हणाली. मी सवयीनं विचारलं, मधलं? ती म्हणाली, लावत न्हाई. नवऱ्याचं लावायचं न्हाई आन् बापाचं लावलं तर भाऊ म्हणतो लगीन झालेल्या पोरीला ते शोभत न्हाई. म्हणून रकाना रिकामाच सोडला. एवढं बोलून ती वळली आणि गाडीवर मागे बसून निघून गेली.

मॅडम आल्या, वर्तमानपत्र पसरलं, काकडी कोचवली. मी आपली हळहळत होते, तर बोलता बोलता ही हकीकत सांगितली. मधल्या नावाचं ऐकलं आणि त्यांचा हात दह्यात तसाच थांबला.

"रिकामं? बिलकुल रिकामं?"

हात धुतला नाही. पदराला पुसला आणि टेबल उघडलं. वैशाली होती. नाव होतं, आडनाव होतं, मधे काही नव्हतं, आणि गुण असे की यादीत ती पहिल्या पाचात. मग मॅडमनी आपली क्वेरी चालवली. तिच्या जागी एक कोरी ओळ आली. दुधात मिठाचा खडा पडला की अख्खं दूध नासतं, तसं असतं ते. रिकामा रकाना म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी 'माहीत नाही', आणि तीन नावं जोडताना त्यातलं एक जरी 'माहीत नाही' असलं, तर जोडून आलेलं सगळंच 'माहीत नाही' होतं. वैशालीही गेली आणि जाधवही गेलं. बोर्डासाठी यादी छापणाऱ्या सोनवणे भाऊंना मधे एक कोरी ओळ दिसली, त्यांनी ती काढून खालच्या ओळी वर सरकवल्या. त्यात त्यांचं काय चुकलं? कोरी ओळ कोण ठेवतं?

यादी एकानं कमी भरली होती आणि ते कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. म्हणजे जागा तिचीच होती, तिच्यासाठी कुणाला खाली उतरवायचं नव्हतं, एवढं देवानं राखलं.

अर्जावर फोन नंबर होता, भावाचा. मी फोन उचलला तर मॅडमनी त्यावर हात ठेवला. म्हणाल्या, त्यानं तिला सांगितलं तर ठीक, न्हाई सांगितलं तर? मला तिलाच सांगायचंय. क्वेरी तिथल्या तिथे सुधारली, नवी यादी काढली, साहेबांकडे जाऊन सही-शिक्का घेतला. साहेब काहीतरी विचारत होते, त्यांना "आल्यावर सांगते" एवढंच म्हणून बाहेर आल्या. पिशवी काखोटीला होतीच.

"गाडीत पेट्रोल आहे का?"

माझी स्कूटी. मागे कधी कुणाला बसवलं नव्हतं तिच्यावर, भाजीची पिशवी सोडून. मॅडम एका बाजूला पाय सोडून बसल्या आणि आम्ही भोकरदन रस्त्याला लागलो. एरवी ऑफिसच्या जिन्यावरूनही "हळू, हळू" करणारी ही बाई, आता दर थोड्या वेळानं माझ्या कानाशी "जल्दी" म्हणत होती. राजूर आलं तेव्हा तिथल्या गणपतीच्या देवळाच्या दिशेनं त्यांनी हात जोडले असावेत, कारण गाडी एकदम डुगडुगली आणि मी ओरडले. पुढे मी वेग वाढवला. ती मुलगी मोटरसायकलवरून आधीच घरी पोचली असणार, बॅग भरायला वेळ तो किती लागतो, हाच हिशोब माझ्या डोक्यात चालला होता.

केदारखेड्यात जाधवांची घरं पुष्कळ. पण विचारावं लागलं नाही. एका घरासमोर तीच मोटरसायकल उभी होती आणि मागे बॅग दोरीनं बांधलेली. दारात भावजय वैशालीला कुंकू लावत होती. वैशाली मान खाली घालून उभी, सासरी निघालेल्या बाईसारखी नाही, शिक्षा झालेल्या मुलीसारखी. मॅडम स्कूटी थांबायच्या आतच उतरल्या.

त्यांनी नमस्कार केला नाही, ओळखही सांगितली नाही. म्हणाल्या, "तुमची बहीण पास झालीय. वरच्या पोरींत आहे. तिचं नाव मी गाळलं."

भाऊ म्हणाला, बोर्डावर न्हवतं, मी सोत्ता पाह्यलं. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, पण हलायलाही तो तयार नव्हता. मॅडमनी यादी त्याच्या हातात दिली आणि सहीवर बोट ठेवलं. त्यानं ती वरपासून खालपर्यंत वाचली, एकेक नाव, सावकाश. मी त्याच्या ओठांकडे बघत होते. बहिणीच्या नावापाशी ओठ थांबले. मग त्यानं विचारलं, असं कसं गळतं वो एखाद्याचं नाव?

आता या माणसाला मॅडम काय काय समजावणार, असं मला वाटलं. त्यांनी काहीच समजावलं नाही.

"तिनं मधी कुणाचं नाव लावलं न्हाई. मला वाटलं, असं कुणी नसतंच. चूक माझी आहे, तिची न्हाई."

भावानं यादीची घडी करून खिशात ठेवली. मग मोटरसायकलकडे गेला आणि बॅगेची दोरी सोडायला लागला. गाठ आवळून बसली होती, नखानं उकलेना, तर दातानं सोडली. बॅग बहिणीच्या पायाशी ठेवली आणि म्हणाला, शब्द दिल्ता मी. उद्या सकाळी होस्टेलला सोडतो.

वैशाली बॅगेवरच बसली. आधी नुसतीच बसली, मग दोन्ही हातांनी तोंड झाकून रडली, आणि रडता रडता हसायला लागली. भावजयही डोळ्याला पदर लावून हसत होती. माझा तर जीव असा भांड्यात पडला की मी ओट्यावर बसूनच घेतलं. आजही तो क्षण आठवला की छाती मोकळी होते. आयुष्यात इतकं हलकं मला माझ्या लेकीच्या जन्मानंतरच वाटलं असेल.

चहा आला. मॅडमनी ताट मागितलं. म्हणाल्या, जेवायचं राह्यलं. पिशवीतून अर्धी राहिलेली काकडी काढली, दही, कूट, मीठ काढलं आणि त्या अनोळखी घराच्या ओट्यावर बसून कालवायला घेतलं. सगळ्यांच्या हातावर चिमूटचिमूट ठेवली. भावानं पण घेतली. मीठ जास्त झालं होतं, तरी सगळ्यांनी संपवली.

आम्ही परतीच्या वाटेला लागलो. राजूरच्या अलीकडे मी चहासाठी गाडी थांबवली, तेव्हा आपणहून बोलल्या. मॅडमचं पूर्ण नाव शकुंतला दिगंबर खंडागळे. दिगंबरराव जाऊन खूप वर्षं झाली होती, त्यांचं नाव मॅडमनी कधी काढलं नव्हतं. "ते गेले, पण माझ्या नावाच्या मधी उभेच राह्यले," म्हणाल्या. "मला वाटायचं, सगळ्यांच्याच मधी कुणीतरी उभं असतं." मग चहाचा कप उपडा ठेवला आणि मला म्हणाल्या, चल, पॅसेंजर चुकंल.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पिशवीतून मोठा डबा काढला. घुगऱ्या होत्या. प्रत्येकाच्या टेबलावर त्यांनी स्वतः वाटी नेऊन ठेवली, साहेबांच्याही, सोनवणे भाऊंच्याही. कशाबद्दल, हे कुणी विचारलं नाही. मॅडमनी घुगऱ्या आणल्या, ही बातमीच एवढी मोठी होती.

साहेबांनी मात्र उपाय शोधून ठेवला होता. अर्जात मधलं नाव सक्तीचं करा, म्हणाले, रिकामं सोडलं तर अर्ज पुढेच जाणार नाही, भानगड संपली. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं आणि शुद्ध मराठीत बोलायला सुरुवात केली. मी माझी खुर्ची जरा मागे सरकवली.

"तिनं ते नाव कुठून आणायचं, साहेब? माणूस चुकलेला नाही. आपण विचारलेला प्रश्न चुकला आहे. प्रश्न बदलायचा."

साहेबांनी घुगऱ्यांची वाटी हातात घेतली आणि विषय सोडला.

त्या गडबडीत केलेल्या दुरुस्तीवर मात्र मॅडम खूश नव्हत्या. मधलं नाव नसेल तर त्या जागी काही नाही असं धर, एवढंच त्यांनी त्या दिवशी सांगितलं होतं. नाव येत होतं. पण मधल्या नावाच्या अलीकडची मोकळी जागा आणि पलीकडचीही, दोन्ही शिल्लक राहत होत्या. वैशाली आणि जाधव यांच्या मधे नेहमीपेक्षा दुप्पट अंतर. मी म्हटलं, मॅडम, एवढं कुणाला दिसतंय? त्या म्हणाल्या, दिसतं. तिला आयुष्यभर दिसेल. तिथं कुणीतरी नाही म्हणून खड्डा पडलाय, असं तिच्या नावात दिसता कामा नये. मग बसून त्यांनी अशी तजवीज केली की मधलं नाव असेल तरच त्याच्याबरोबरची मोकळी जागा यावी, नसेल तर ती जागाही येऊ नये. चालवून पाहिलं. मला दाखवलं नाही, मी मान लांब करून पाहिलं.

नंतर मॅडम निवृत्त झाल्या. निरोपाच्या भाषणात त्यांनी कुणाचे आभार मानले नाहीत, एवढंच सांगितलं की सगळ्या क्वेऱ्यांना नावं दिलेली आहेत, शोधायला त्रास होणार नाही. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी झाली. आता मीही काकडी अख्खी आणते.

वैशालीच्या तुकडीचा प्रमाणपत्रांचा कार्यक्रम झाला तेव्हा मॅडम आल्या होत्या. बदनापूरहून, त्याच पॅसेंजरनं, तीच पिशवी घेऊन. मागच्या रांगेत बसल्या. स्टेजवरून नावं पुकारत होते, तीन तीन शब्दांची, नाव, मधलं नाव, आडनाव, आणि मग एकदम दोनच शब्द: वैशाली जाधव. वैशाली पांढऱ्या गणवेशात वर गेली. टाळ्यांमध्ये सगळ्यात मोठ्यानं वाजवणारा भाऊ होता, मोटरसायकलची किल्ली बोटात तशीच.

खाली उतरून ती सरळ मागच्या रांगेत आली आणि मॅडमच्या पाया पडली. मॅडमनी तिला उठवलं आणि प्रमाणपत्र मागून घेतलं. श्रेणी बघतील असं मला वाटलं. त्यांनी चष्मा नाकावर ओढला, कागद खिडकीच्या उजेडाकडे धरला आणि अंगठा हळूच त्या दोन शब्दांच्या मधे ठेवला. मधे एकाच मोकळ्या जागेएवढं अंतर होतं.

"बराबर," म्हणाल्या, आणि कागद तिला परत दिला.